शेवटच्या फाटकावरचा डबा

१

आखातातल्या अल नस्र वस्तीतल्या त्या इमारतीत कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाचे सासरे यायचेत आणि कुणाच्या नवऱ्याची शिफ्ट बदलली, हे जयमालाबाईंना माहीत असायचंच. त्यात त्यांना काही वावगंही वाटत नसे. परक्या मुलखात माणसानं शेजाऱ्याकडे लक्ष ठेवायचं नाही तर काय वाळूकडे ठेवायचं? त्यांचं माहेर सिन्नरचं, शाळा दहावीपर्यंत, आणि दाराच्या भिंगातून समोरचा सगळा व्हरांडा बघायची नजर मात्र जन्मजात. दत्तोपंत, म्हणजे त्यांचे यजमान, फर्निचरच्या दुकानात मॅनेजर. ते पेपरमागून म्हणायचे, "त्या भिंगाला आता तुझ्या डोळ्याचा आकार आला असेल."

समोरच्या दारात कुशल आणि नमिता राहायचे. पुण्याकडची पोरं, लग्नाला फार दिवस झालेले नाहीत. नमिता गरोदर, आणि तिच्या आईचे गुडघे असे की विमानात बसून येणं जमायचं नाही. मग आई कोण? जयमालाबाईच. हे कुणी ठरवलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं होतं.

कुशल रास लफानला, समुद्राकाठच्या गॅसच्या कारखान्यांकडे, कामाला जायचा. पहाटे कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटसमोर कंपनीची बस यायची आणि संध्याकाळी तिथंच सोडायची. बस चालवायचा तळमजल्यावरचा फजल, रत्नागिरीचा. एकदा जिन्यात भेट झाली तेव्हा कुशल सहज बोलून गेला, "काकू, आमची साइट आता एकदम टोकाला गेलीय. त्याच्या पुढे फक्त समुद्र. शेवटच्या फाटकावर एक वॉचमन असतो, एकटा. काळ्या काचेच्या केबिनमध्ये बसून असतो दिवसभर."

"आणि जेवतो काय तो?"

"ते मी कसं सांगू?"

"कमाल आहे तुझी. रोज त्याच्यासमोरून जातोस आणि विचारत नाहीस?"

दुसऱ्या दिवशी पहाटे कुशलच्या हातात पिशवी होती, आणि पिशवीत जयमालाबाईंचा लहान स्टीलचा डबा. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेला, लग्नात मामीनं दिलेला. आत मटकीची उसळ आणि दोन पोळ्या.

संध्याकाळी डबा परत आला. लखलखीत घासलेला. आणि रिकामा नव्हता. आत मीठ होतं, काठोकाठ, पांढरंशुभ्र, वरून हातानं सारखं केलेलं.

२

जयमालाबाईंचा ऊर भरून आला. परत करायचं भांडं रिकामं द्यायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, हे आता इथल्या आपल्या मुलींनासुद्धा सांगावं लागतं. आणि तो बिचारा वाळवंटात एकटा बसलेला, त्याच्याकडे द्यायला काही नाही, तर त्यानं मीठ घालून पाठवलं.

"आपल्याकडचाच आहे," त्या दत्तोपंतांना म्हणाल्या. "लिहून घ्या माझ्याकडून. नगरकडचा नाहीतर कोकणातला."

"मीठ धाडलंय म्हणजे कोकणातला," दत्तोपंत म्हणाले. "मिठागरं असतील त्यांची."

मग ते चालूच राहिलं. दोन-चार दिवसांनी डबा जायचा, आणि जाताना भरपूर गप्पा घेऊन जायचा. कारण जयमालाबाईंना डबा भरताना बोलायची सवय. आईलाही होती. कोणासाठी भरतोय त्याच्याशी बोलत बोलत भरलं की अन्न अंगी लागतं, असं आई म्हणायची. "हे घ्या हो, आज वांगं थोडं तिखट झालंय. समोरच्या नमितेला चालत नाही आता तिखट, पाचवा लागलाय ना तिला. मार्चमध्ये होईल सुटका. आई नाही जवळ पोरीच्या. तुमच्या घरी कोण कोण असतं?" असं बरंच काही.

डबा परत यायचा तो कधी खारकांनी भरून, कधी बारीक शिंपल्यांनी. पण तो यायचा ज्या पद्धतीनं, ती मात्र जयमालाबाईंच्या मनात हळूहळू रुतायला लागली. झाकणाच्या कडेत कधीही काही राहिलेलं नसे. ठिपक्यांच्या नावात वर्षानुवर्षं बसलेला काळा मळसुद्धा निघाला होता. पुरुष माणूस डबा असा घासत नाही. शिफ्टवरचा पुरुष तर पाण्याखाली धरतो आणि झटकतो.

म्हणजे वॉचमन वगैरे काही नाही. तिकडे बाई आहे.

हा विचार एकदा आला आणि गेलाच नाही. कुशल दिसायला बरा, बोलायला गोड, आणि बायको अशा अवस्थेत. कुठल्या कँटीनमधली, कुठल्या ऑफिसातली, कोण जाणे. आपलीच उसळ खाऊन आपल्याच नमितेचं घर मोडायला बसलेली. जयमालाबाईंना दोन रात्री नीट झोप लागली नाही. संताप जास्त कशाचा होता, तेही त्यांना नीट सांगता आलं नसतं.

३

त्यांनी कुशलला जिन्यात गाठलं.

"नाव काय रे त्या वॉचमनचं?"

"नाही विचारलं."

"कुठला आहे?"

"काकू, मी सकाळी खिडकीत डबा ठेवतो, संध्याकाळी उचलतो. बोलायला वेळ कुठे असतो? हात तेवढा दिसतो त्याचा." कुशलनं बॅगेचा पट्टा सावरला. "स्वच्छ असतो एकदम. तिथे इतकी धूळ, आणि हात बघावा तर नुकताच धुतल्यासारखा."

बाईच, जयमालाबाईंनी मनाशी म्हटलं, आणि त्या तळमजल्यावर गेल्या.

फजल नुकताच ड्यूटीवरून येऊन बसला होता. त्याची बायको हुस्ना सोड्याची खिचडी वाढत होती. चहा नको म्हणता म्हणता जयमालाबाईंनी अर्धा कप घेतला, आणि रास लफानची चौकशी लांबून सुरू केली. केवढं वाढलंय म्हणे ते.

"काय सांगू भाभी," फजल म्हणाला. "मी आलो तवा दोन चिमण्या न् एक धक्का होता. बाकी वाळू. आता बस आत शिरल्यावर माझा अर्धा पान खाऊन होतो तरी शेवटचा स्टॉप येत नाय. आणि ते बांधतात पण कसं, आधी रस्ता करतात. मग दिवे लावतात. मग पाट्या. कुठं जायचं त्याच्या पाट्या लागल्यात आणि ती जागाच नाय अजून. मोकळ्या चौकात सिग्नल लाल होतो, मी थांबतो. समोरून कोण येतंय? कोणी नाय."

"कुशल म्हणतो, नकाशावर सगळे चौकोन आधीच आखून ठेवलेत. नुसते भरायचेत."

"मग भरतातच ना. एक चौकोन रिकामा ठेवत नाय."

"आणि त्या शेवटच्या फाटकावर एक केबिन आहे ना? वॉचमनची?"

फजलनं घास तसाच ठेवला. "होती. कुंपण पुढं सरकलं तवा उचलली ती, उन्हाळ्याच्या आधी. आता नुसता दांडा हाय, गाडी बघून आपोआप वर होतो."

"मग कुशल डबा कुठे ठेवतो?"

"तो व्हय? मी मागल्या आरशात बघतो ना. तो उतरतो, पिशवी घेऊन दांड्यापाशी जातो, असा उभा राहतो." फजलनं छातीच्या उंचीवर हात पुढे केला, फळीवर काही ठेवावं तसा. "मग येतो तर हातात काय नसतं. मला वाटायचं, मासळीला टाकतो."

"बाई वगैरे नाही ना तिथे कुणी?"

हुस्ना हसली. "भाभी, तिथं बाई आली तर हे रोज दाढी करून जातील."

जयमालाबाईही हसल्या. पण जिना चढताना त्यांच्या लक्षात आलं की बाई असती तर बरं झालं असतं.

४

त्या सुशिक्षित नसल्या तरी भाबड्या नव्हत्या. फजलचं लक्ष रस्त्याकडे असणार, आरशात काय दिसतं काय नाही. केबिन थोडी बाजूला हलवली असेल. पोरं टिंगल करतात, सगळे मिळून करत असतील. असं त्या स्वतःला समजावत होत्या, आणि तेवढ्यात थालीपीठ आलं.

त्यांनी सोमवारी थालीपीठ पाठवलं होतं. त्याच संध्याकाळी डब्यात थालीपीठच परत आलं. आधी वाटलं, खाल्लंच नाही. पण हे त्यांचं नव्हतं. रंग तोच, जाडी तीच, तीळ लावल्यासारखे ठिपकेही वरून. मधोमध भोक आणि भोवती चार. त्यांनी कोपरा मोडून जिभेवर ठेवला. चवच नव्हती. अळणी नव्हे, अळणीलाही चव असते. बाल्कनीत तुकडा टाकला तर साळुंक्या कठड्यावर येऊन बसल्या, बघून उडून गेल्या.

मग जयमालाबाईंनी ते उजेडात धरलं. थालीपीठ थापताना बोटं उमटतात. त्यांनी स्वतः इतकी थापली होती की एखादीचं थालीपीठ बघून ती घाईत होती की नाही हे त्या सांगू शकत. याच्यावरही बोटं उमटली होती. लांब, सारख्या खोलीची, एकासारखं एक. बोट कुठे वाकलं, पेर कुठे संपलं, याची खूणच नव्हती. कुणीतरी थापायला शिकत होतं.

त्यांनी ते कचऱ्यात टाकलं, आणि पिशवीला गाठ मारून पिशवी खाली नेऊन ठेवली.

त्याच आठवड्यात नमिता त्यांच्या ओट्याशी टेकून उभी होती. खूप वेळ घुटमळून म्हणाली, "काकू, हसू नका. मला माती खावीशी वाटते."

"अगं, त्यात काय हसायचं. माझ्या जावेनं चूल खरवडली होती."

"कुशलला सांगू नका. तो लगेच डॉक्टरकडे नेईल."

"मी कशाला सांगते?" जयमालाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी सांगितलं नाही. ना कुशलला, ना दत्तोपंतांना.

पुढच्या खेपेला कुशल डबा आधी स्वतःच्या घरी घेऊन गेला. थोड्या वेळानं जयमालाबाई तिकडे गेल्या तेव्हा नमिता सोफ्यावर पाय घेऊन बसली होती आणि डबा मांडीत होता. आत मातीच्या पातळ चकत्या होत्या. करड्या, नीट भाजलेल्या, शंकरपाळ्यांसारख्या कापलेल्या. अर्धा डबा संपला होता.

"तुम्ही आणवल्यात ना?" नमिता लाजून म्हणाली. तिच्या ओठांवर पांढरी पूड होती. "काकू, इतकं छान वाटलं. खारट आहेत थोड्या."

जयमालाबाई उभ्याच राहिल्या. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त मंगळवारी डबा भरताना, हात भातात असताना, त्या नेहमीसारख्या बोलत होत्या. पोरीला डोहाळे लागलेत हो मातीचे. इथं कुठली मिळायची आपल्यासारखी माती.

आणखी काय काय सांगितलं होतं? मार्च सांगितला होता. आई जवळ नाही, हे सांगितलं होतं. आणि परवाच, झाकण लावता लावता, शुक्रवारी डोहाळजेवण ठेवलंय, सुट्टी मिळाली तर या हो तुम्हीपण.

५

डबा त्यांनी माळ्यावर टाकला, कढयांच्या मागे. कुशलला म्हणाल्या, "आता बंद. माझ्यानं होत नाही."

"बरं काकू." त्याला आश्चर्य वाटलं नाही, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. मग तो बूट काढता काढता म्हणाला, "तसंही ते फाटक आता आमच्या साइटच्या अलीकडे आलंय. आधी शेवटी असायचं. आज तर मेन रोडलाच दिसली मला केबिन. फजलभाई म्हणतात नाही. ऊन किती असतं तिथे, माझेच डोळे."

"कुशल, त्याचा हात कसा आहे रे?"

"म्हणजे?"

"बोटं कशी आहेत?"

कुशलनं स्वतःच्या हाताकडे बघितलं. मूठ मिटली, उघडली. "वाकवत नाही तो," तो म्हणाला. आणि आत निघून गेला.

डोहाळजेवण रद्द करावं, असं त्यांनी दत्तोपंतांना सुचवून बघितलं.

"का?"

याला उत्तर काय द्यायचं? मी एका हाताला बोलावलंय असं?

"काही नाही. बरं वाटत नाही मला."

"तू तर गेला महिना तेच बोलतेस. फुलांच्या वाडीची ऑर्डर गेलीय. आता पोरीचा हिरमोड करू नकोस."

गुरुवारी भर दुपारी त्या घरात एकट्या होत्या. एसीची घरघर तेवढी. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. आणि बाहेर व्हरांड्यात, दाराच्या अगदी जवळ, फरशीवर स्टील टेकवल्याचा आवाज झाला. टण्. हलक्या हातानं, कुणी झोपलेलं असेल तर जागं होऊ नये इतक्या जपून.

बेल वाजली नाही.

त्यांनी भिंगाला डोळा लावला. समोर नमिताचं दार. दारावर मोत्यांचं तोरण, जरासं हलत असलेलं. व्हरांड्यात कुणी नाही. फरशीवर, बरोबर मधोमध, त्यांचा डबा.

बस यायला अजून बराच अवकाश होता. त्यांनी आत जाऊन स्टूल घेतलं, माळ्यावर कढयांच्या मागे हात घातला. तिथे डबा नव्हता. त्या जागी हाताला बारीक ओलं मीठ लागलं.

६

शुक्रवारी नमिता सुंदर दिसत होती. हिरवी साडी, मोगऱ्याच्या कळ्यांचे वाकी-बाजूबंद, कपाळावर फुलांची पट्टी. जयमालाबाईंनी सगळं नीट केलं होतं. नमिताच्या घराचं व्हरांड्याकडचं दार लावून घेतलं होतं, आणि जी बाई येईल तिला भिंगातून बघूनच आत घेत होत्या. हुस्ना शेवया घेऊन आली. वरच्या मजल्यावरची मालविका आली, आणखी ओळखीच्या दोघी-तिघी आल्या. पुरुषांना समोर जयमालाबाईंच्या घरात बसवलं होतं. शेवटची बाई आत आल्यावर त्यांनी कडी घातली.

ओटी भरून झाली. गाणी झाली. मग मालविका म्हणाली, "चला, आता वाट्या." दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. नमितानं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. नुसता खेळ, पण सगळ्या पुढे सरकल्या.

चौरंगावर तीन वाट्या होत्या.

"अगं, तिसरी कोणी ठेवली?" मालविका म्हणाली. "जुळी आहेत की काय?"

"भाभींचं काम असणार," हुस्ना म्हणाली. सगळ्या हसल्या.

जयमालाबाईंनी तोंड उघडायच्या आत नमितानं मधल्या वाटीवरचं झाकण उचललं होतं.

वाटी रिकामी होती. लखलखीत, घासूनपुसून, आत खोलीचा दिवा दिसेल इतकी स्वच्छ. तिकडून आजवर आलेलं एकही भांडं रिकामं आलं नव्हतं.

नमितानं ती हातात घेऊन फिरवून बघितली. "नाव घातलंय काहीतरी. कुणाचं आहे, वाचता येत नाही." जयमालाबाईंनी तिच्या हातातून वाटी काढून घेतली. कडेला ठिपक्यांची ओळ होती, आपल्याकडे नाव घालतात तशीच. वर शिरोरेषाही होती. खाली अक्षर मात्र एकही नव्हतं.

"दुसरी उघड गं," त्या म्हणाल्या, आणि वाटी पदराखाली धरून दाराशी गेल्या. जाता जाता त्यात साखर ओतली, काठोकाठ. कडी काढली, वाटी बाहेर फरशीवर ठेवली, दार लोटलं. आत कुणीतरी ओरडलं, "बर्फी, बर्फी!" टाळ्या वाजल्या.

टण्.

त्यांनी दार उघडलं. वाटी रिकामी होती. धुतलेली. साखर शेजारी फरशीवर होती, छोटा ढीग, वरून हातानं सारखा केलेला.

त्यांनी हातातली सोन्याची बांगडी काढली. ती मनगटावरून निघेना, साबण लावायला वेळ नव्हता, त्यांनी ती कातडं सोलवटत ओढून काढली आणि वाटीत ठेवली. दार लोटलं. दाराला कान लावला.

टण्.

आतून नमिता म्हणाली, "आई गं." मग हसली. "काकू, हा आवाज झाला ना, की लगेच हलतं बघा. आत्तापण हललं आणि मघाशीपण."

या वेळी जयमालाबाईंनी दार झटकन उघडलं. बांगडी साखरेच्या ढिगावर नीट ठेवलेली होती. वाटी रिकामी. आणि जिन्याच्या वळणावर, कठड्याला धरून, एक हात मागे सरकत होता. स्वच्छ, नुकताच धुतल्यासारखा. नखं होती, बोटं होती, बरोबर जिथल्या तिथे. कठड्याभोवती ती वळली नव्हती. नुसती टेकली होती. हात सावकाश सरकत वळणाआड गेला. पावलांचा आवाज आला नाही.

समोरचं दार उघडून दत्तोपंत बाहेर आले. मागे कुशल होता.

"काय गं, बाहेर काय करतेस? मनगटाला काय झालं?"

"खुर्ची आणा एक," जयमालाबाई म्हणाल्या.

"अगं, आत चल. पानं वाढलीत."

"तुम्ही जेवून घ्या. मी बसते इथे."

कुशलनं खुर्ची आणून दिली. त्यानं वाटीकडे बघितलं, मग जिन्याकडे बघितलं. आणि आत जाऊन नमिताच्या शेजारी बसला.

जयमालाबाईंनी खुर्ची नमिताच्या दाराला पाठ लावून ठेवली, तोंड जिन्याकडे. वाटी समोर फरशीवर होती. आता ती कुणी हलवत नव्हतं. वाजतही नव्हती. साखर नको, सोनं नको, आणि घाईही नव्हतीच कसली. नमिताचे दिवस भरायला अजून दोन महिने होते, आणि मार्च त्यांनीच सांगून ठेवला होता.